रात्री अकरा ते सकाळी सात

खोली नऊ. विनिफ्रेड ब्लँचर्ड, वय अठ्ठ्याऐंशी.
ग्रिम्सबीच्या गोदीत चाळीस वर्षं मासे कापले.
अजूनही झोपेत तिचा उजवा अंगठा
कुठल्याशा हॅडकच्या कण्यावरून सरकत असतो.
आज तो थांबला होता.

तीन वाजून बारा मिनिटांनी मी दिवा लावला.
ओठांची एक कड उतरलेली.
ती 'किटली' म्हणाली की कुणाचं नाव घेतलं,
कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.
मग हिरव्या कपड्यांतली दोन माणसं आली,
स्ट्रेचरचं एक चाक जरा कुरकुरलं,
दार लागलं.

आता फोन.

फाईलच्या पहिल्या पानावर लेकीचं अक्षर,
लॉरेनचं. लिंकनला असते ती.
'रात्री अकरा ते सकाळी सात, फक्त गंभीर असेल तरच.'
'गंभीर'खाली दोन रेघा,
वर मॅनेजरचा पिवळा मार्कर.
गंभीर म्हणजे किती, ते कुणीच लिहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी थांबले होते.
खोली चारमधले मिस्टर ऑटवे पडले,
कपाळाला लहानशी खोक,
शुद्धीवर होते, चहा मागत होते, साखर कमी म्हणून कुरकुरले.
म्हटलं, उगाच कशाला पोरीची झोप मोडा.
सहाला ते गेले.
साडेसातला ती फोनवर म्हणाली, न रडता,
'मी जागीच होते हो.
रात्रभर फ्रीजमधला बर्फ खरवडत बसले होते.'
तक्रार नाही, काही नाही.
महिन्याभरानं चॉकलेटचा डबा पाठवला सगळ्यांसाठी.
मी त्यातलं एकही उचललं नाही.

पहिलं वाक्य कसं असावं, याचं आम्हाला प्रशिक्षण आहे.
अर्धा दिवस, सँडविचसकट.
'घाबरू नका' म्हणायचं नाही, तिथूनच माणूस घाबरायला लागतो.
आधी जिवंत आहे ते सांगायचं,
मग बाकीचं.

रिंग जातेय.
खिडकीतून हंबरच्या मुखाशी एक बोट दिसते,
सगळे दिवे लावून भरतीसाठी खोळंबलेली.
सातव्या रिंगला उचलला.
या वेळी कुणी 'हॅलो' म्हणत नाही,
नुसता श्वास येतो, अंथरुणात उठून बसलेला.

'मी पॉलीन. तुमची आई जिवंत आहे.
तिला हॉस्पिटलात नेलंय. अर्धांगाचा झटका असावा, म्हणाले.'
आणि मग ते वाक्य, जे दरवेळी गिळून टाकावंसं वाटतं:
'तिच्यासोबत कुणी जाऊ शकलं नाही.
रात्री आम्ही दोघीच असतो, एकतीस जणांना.'

पलीकडे एक ड्रॉवर उघडला, बंद झाला.
'कानातलं मशीन घातलंय ना तिनं?' लॉरेन म्हणाली,
'नाहीतर ते विचारत राहतील आणि ती नुसती मान हलवेल.
ऐकू नाही आलं की सगळ्यालाच हो म्हणते ती.
असंच एकदा गॅसवाल्याकडून नवा बॉयलर घेतला होता.'
हसली, आणि हसू मध्येच कुठेतरी अडकलं.

मी फोन कानाशी धरून खोली नऊमध्ये गेले.
चादर अजून उबदार होती.
उशाच्या टेबलावर, बशीत, ते होतं.
'इथंच राहिलंय.'
तिनं एक शिवी दिली. मला नव्हे.
'आधी तुमच्याकडे येते. दारात थांबाल?'

रजिस्टरमध्ये लिहिलं: कुटुंबास कळवले, ३.४०.
रकाना तेवढाच आहे.

तर मी दारात उभी आहे,
एप्रनवर दुसऱ्याच कुणाचं तरी कार्डिगन.
तासाभराचा रस्ता, त्यात धुकं.
मशीन बंद करायचं राहून गेलं,
मूठ आवळली की ते शिट्टी घालतं,
बारीक, हट्टी,
पाण्याला उकळी येण्याआधी
किटली घालते तशी.